पात्याचं पाणी

घरात दुसरी तलवार दिसली तर देवळाला दान करीन, असं तोमिएने नवऱ्याला बजावलं होतं. तरी हिसानोरीने कानाझावाच्या जुन्या बाजारातून आणखी एक आणलीच. लाकडी म्यानं सगळी सारखीच दिसतात, तिला काय कळणार! श्वासाने पातं गंजू नये म्हणून दातांत कागद धरून तो निर्धास्त ते पुसत बसला. चहा ठेवताना ती थबकली. “अहो, ही कुठली?” “हूं?” “हूं काय! आपल्या तलवारीवर पाणी दिल्याची रेघ लाटांसारखी आहे. वीस वर्षं तुमचं कीर्तन ऐकतेय मी. हिची रेघ सरळ, टोकाशी धुक्यासारखी विरलेली.” कागद गळून पडला. चोरी पकडली गेली, पण हिसानोरीचे डोळे भरून आले. “अगं, भल्याभल्या पारख्यांनाही हे धुकं दिसत नाही!” गाद्यांच्या कपाटातून त्याने लगबगीने आणखी तीन काढल्या. “यांचं पाणी जोख पाहू!”