सोमवार उलटेपर्यंत

"पाकिटावर नाव घाला की, काका," टेबलाशी बसलेली सेव्हेरोची पुतणी म्हणाली.

इसागानीने पेन उचललं आणि परत ठेवलं. मयताच्या घरी मदतीच्या पैशांचं पाकीट द्यायचं आणि वर नाव घालायचं नाही, असला माणूस ताल तळ्याकाठच्या त्या गावात कुणी पाहिला नव्हता. पण बायकोने निघतानाच दम भरला होता, "कुठे सही केलीस तर बघ! सोमवारी कोर्टाच्या निकालाला दहा वर्षं भरतात, मग वसुली संपली. त्याआधी कर्ज कबूल केल्याची एक ओळ लिहिलीस, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून, असं वकील म्हणालाय. घर जाईल." आता पाकिटावरचं नाव म्हणजे कर्जाची कबुली नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

सेव्हेरो त्याचा जिवलग. त्याच्याच वखारीतून उधारीवर लाकूड आणून इसागानीने घर बांधलं आणि पैसे बुडवले. सेव्हेरोने रागाच्या भरात दावा लावला, जिंकला. घरावर बोजा चढला. त्यानंतर इसागानी त्याला तोंड दाखवेना. बाजारात सेव्हेरो लांबून हाका मारायचा, "अरे ए गानी!" आणि हा बहिऱ्याचं सोंग घेऊन गल्लीत शिरायचा.

गुरुवारी सेव्हेरो गेल्याचं कळलं तेव्हा मनात पहिला शब्द आला, सुटलो. त्या शब्दाची त्याला इतकी शरम वाटली, की आज बायकोला न जुमानता तो आला होता.

सेव्हेरोची बायको रेमेदियोस कॉफी घेऊन आली. शवपेटीकडे पाहायची इसागानीची छाती होईना.

"वहिनी, तो कोर्टाचा निकाल..."

"सोमवारचं ना? ठाऊक आहे मला. वर्षभर डोकं खाल्लं मी त्यांचं. अहो, मुदत संपतेय, कोर्टात जा! ऐकतील तर शपथ."

"का नाही गेला तो?" इसागानीने विचारलं.

रेमेदियोसने सगळ्यांसमोर डोळे पुसले.

"म्हणायचे, 'कर्ज मेलं की गानीला लपायला कारण उरणार नाही. मंगळवारी जेवायला येतो की नाही बघ. कोळिणीला मासे सांगून ठेव.'"