वाढदिवसाची घार

"पट्टी सोडू नकोस, शाल्मली," जखमी पक्ष्यांच्या केंद्राचे सचिव सबनीसकाका म्हणाले.

"काका, मांज्याने कापलेला घारीचा पंख भरलाय. आणखी बांधून ठेवला तर आखडेल."

"शेठ वाढदिवसाला तिला स्वतःच्या हातांनी सोडणार आहेत. त्यांच्या देणगीवर इथली साठ पाखरं जेवतात, बाई. तीन आठवडे दम धर."

साठ पाखरांकडे बघून डॉक्टर शाल्मलीने धडधाकट पंखावर नवी पट्टी बांधली.

वाढदिवशी बँड वाजला, पट्टी सुटली आणि शेठनी घार आभाळात भिरकावली. ती सरळ केकमध्ये कोसळली.

शेठचे डोळे पाणावले. "बिचारी अजून बरी नाही! देणगी दुप्पट करा."

"टाळ्या, आमच्या डॉक्टरांसाठी!" काका ओरडले.

शाल्मली घारीच्या पिसांतलं क्रीम पुसत होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तिने नुसती मान लववली.