टोपलीची उंची

टोपली पत्र्यावर आदळली आणि बर्फाचं गार पाणी पारूबायच्या तोंडावर सांडलं. बंदराच्या धक्क्यावर रोज ती डोक्यावरची कोळंबी पिकअपच्या मागच्या फाळक्यावर नुसती सरकवायची. फाळका बरोबर खांद्याला लागायचा, कुणाला ‘हात लाव’ म्हणावं लागत नसे. आज तोच फाळका डोक्याच्याही वर गेला होता. लेकानं गॅरेजात नेऊन गाडीचं सस्पेन्शन उंच करून घेतलं होतं आणि खाली हे दांडगे टायर चढवले होते.

“मेल्या, गाडी मासळीला घेतलीय की वरातीला?”

“रुबाब बघ ना, आये!” तो वाकून टायर पुसत होता. “तुला एक स्टूल आणून देतो.”

स्टूल! डोक्यावर ओझं, पायाखाली ओला धक्का, आणि हा तिला स्टुलावर चढवणार! पारूबायचं टाळकं सटकलं. तिनं लेकाची वाकलेली पाठ बघितली. ती बरोबर खांद्याला लागत होती. नेहमीसारखी मान कलती करून तिनं टोपली सरकवली.

नव्या शर्टावरून पाणी ओघळलं. “आये!”

“हलू नकोस. सांडलीस तर याद राख! धक्क्यावर अजून चार टोपल्या आहेत.”