कडेवर

दीड वर्षाची रेवा माणसांकडे मान वळवून तिरकं बघायला लागली, तेव्हा मृण्मयीने घाबरून डोळ्यांचा दवाखाना गाठला. पिशवी धरायला तिचे सासरे, अण्णा, सोबत होते.

“हिचे डोळे उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाले. “नक्कल करतेय. घरात असं कोण बघतं?”

“अण्णा,” मृण्मयी म्हणाली. “वर्षभर माझ्याशी बोलताना असंच बघतात. मला वाटलं, रागावलेत.”

डॉक्टरांनी अण्णांनाच खुर्चीत बसवलं. तपासून म्हणाले, “यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजलाय. समोर बघितलं की माणसाचं तोंडच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून मान वळवतात. गेलेलं परत येणार नाही.”

“सांगायचं नाही का, अण्णा?”

“सांगितलं असतं, तर रेवाला माझ्या कडेवर दिलं असतंस?”

दिलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर तिने अण्णांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, रेवाला त्यांच्या कडेवर दिलं आणि त्यांचं कोपर घट्ट धरलं. “पुढे तीन पायऱ्या आहेत.”

अण्णांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. रेवानेही पाहिलं.

“चार आहेत,” ते म्हणाले. “येताना मोजल्यात.”