घरी दिसंल का

धनश्री, मधी बोलू नको, नुसतं ऐक. शरिफाच्या दुकानात आज काय झालं सांगते. आपली शरिफा गं, दिल्लीगेटजवळ खेळाच्या सामानाच्या दुकानात हाय ती. मी बुटांच्या रॅकपाशी हुते आन दोघी आत आल्या. मायलेकी. पोरगी मोनिका, इथंच पोलीस भरतीच्या अकॅडमीत राहती, शिडशिडीत, उन्हानं रापलेली. आई विमलबाई, सकाळच्या एसटीनं तिसगावहून आलेली.

"ताई, काळजाचे ठोके मोजायचं यंत्र दाखवा," मोनिका म्हनली. "पळताना काचनार न्हाई असं."

शरिफानं आधी छातीचा पट्टा काढला. ओला करायचा, अंगाला घट्ट बांधायचा, सगळ्यात बरोबर हाच दाखवतो म्हनली. विमलबाईनं त्याच्या आतल्या कडेवरनं अंगठा फिरवला.

"घामात हिची कातडी सोलून निघंल."

मग घड्याळ. ते मोनिकाच्या मनगटावर बांगडीसारखं फिरायला लागलं. "हलतंय मंजी खोटं सांगंल," विमलबाई म्हनली. आन बरोबर हुतं गं तिचं. शरिफाबी तेच सांगनार हुती.

शेवटी दंडाला लावायचा मऊ पट्टा निघाला. मोनिकानं हात पुढं केला तर आईनं तो खाली सारला. "आधी मी बघते." स्टुलावर बसली, पोलक्याची बाही वर सरकवली आन स्वतःच्याच दंडाला लावला.

"मावशी, आता तुमीच या भरतीला," शरिफा म्हनली.

"मी आले तर हिच्या अकॅडमीचे सर पळून जातील." आन दंड दाबून बघत, "न्हाई काचत. मऊ हाय. किती आलं?"

आकडा मोनिकाच्या मोबाईलवर येत हुता. मोबाईल काउंटरवरच ठेवलेला, मी वाकून बघितला. एकशे चोवीस. बाई नुसती बसलेली, धनश्री. चाललेलीसुदिक न्हाई.

"अठ्ठ्याहत्तर," मोनिका म्हनली. "एकदम झाक."

शरिफानंबी आकडा बघितला हुता. ती डब्याचं झाकन शोधायला लागली.

विमलबाईनं पट्टा काढला. तशी मोबाईलवरचा आकडा गेला आन त्या जागी दोन रेघा आल्या. तिनं मान तिरकी करून बघितलं.

"हे काय आलं?"

"पट्टा अंगावर नसला की रेघा येत्यात, मावशी."

"पंकजच्या मशीनवरबी रेघच आल्ती," विमलबाई म्हनली. मग शरिफाकडं बघून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "हिचा भाऊ. भरतीसाठीच पळायचा. शेवटच्या राऊंडला पडला. दवाखान्यात नेस्तवर संपलं हुतं सगळं. तेविसावं चालू हुतं."

"आई, माझं तपासलंय ना. डॉक्टर म्हनले सगळं नीट हाय."

"त्याचंबी नीटच हुतं."

विमलबाईनं पिशवीतनं आपला मोबाईल काढला, काचेला आडवा तडा गेलेला, आन शरिफाफुडं धरला.

"मी हिला सोडली ती एका बोलीवर. ही सकाळी पळंल तवा हिचे ठोके मला घरी दिसले पायजेत. तिकडं तिसगावला. दिसले तर राहू दे हिला. न्हाईतर बॅग भरायची आन आत्ताच्या गाडीनं माझ्यासंग चलायचं."

"दिसत्यात गं आई, किती येळा सांगू," मोनिका म्हनली. "ताई, तुमीच सांगा हिला."

आता बघ. त्या अकॅडमीतली समदी पोरं शरिफाकडनंच बूट नेत्यात, तिला तिथलं सगळं ठाव हाय. सोमवारी मोबाईल जमा. सरांच्या कपाटात कुलूप लावून ठेवत्यात, ते थेट रविवारी हातात, आजच्यासारखे. आन हा पट्टा मोबाईल जवळ असला तरच चालतो. मंजी सकाळी साडेपाचला पोरगी मैदानावर, मोबाईल कपाटात, आन विमलबाई तिकडं चुलीपाशी बसून मोबाईल उघडनार. तिला काय दिसनार, सांग. दोन रेघा. रोज.

मोनिकानं काउंटरवर शरिफाच्या बोटांवर हात ठेवला. दाबलाच. "भरतीला एक महिनाच राहिलाय, ताई," इतकं हळू म्हनली की मलाबी कसंबसं ऐकू आलं.

शरिफानं हात सोडवून घेतला न्हाई. खाली बघत म्हनली, "न्हाई दिसत, मावशी. तिथं मोबाईल जमा करत्यात. तुमाला घरी नुसत्या रेघा दिसतील."

मोनिकानं हात मागं घेतला. नुसती बुटांच्या रॅककडं बघत उभी राहिली. आन मी तिथंच, मला कुठं बघावं कळंना.

विमलबाईनं पट्टा घेतला, त्याची घडी नीट केली, डब्यात हुता तसा ठेवला. झाकनबी लावलं. "खरं सांगितलंस, बरं झालं बाई," म्हनली. आवाज एवढासा. मग मोनिकाला म्हनली, "चल, तुझी बॅग घिऊ."

त्या बाहेर पडल्या. मी दारातनं बघत हुते. रस्ता ओलांडताना आईनं पोरीला धरलेलं, पन हात न्हाई, मनगट. आतल्या बाजूला दोन बोटं टेकवून. पार माळीवाड्याकडं वळेपर्यंत तिनं ते सोडलं न्हाई.

शरिफानं जेवनाचा डबा उघडला न्हाई आज. मला इचारलं, मी चुकले का गं? तू असतीस काउंटरच्या मागं, तर काय सांगितलं असतंस?