एकेचाळीस फरक

चार वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला वहीकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. आज मूल्यमापनासाठी आलेल्या बाई समोर बसून त्यांचं कौतुक करत होत्या, आणि काकांना नेमकं तेच पत्र आठवत होतं.

“बारा आठवडे,” बाई म्हणाल्या. “पंपांचे साडेआठशे प्रकारचे सुटे भाग. एकीकडे तुमची वही, दुसरीकडे नवी संगणकप्रणाली, दोन्ही बरोबरीनं चालवल्या. एका नगाचा फरक नाही. वहीत खाडाखोडसुद्धा नाही. मी वीसेक कंपन्या पाहिल्या, असा ताळमेळ कुठे बघितला नाही.”

“आमचे काका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” व्यवस्थापक साहेब म्हणाले. “यंत्र काकांच्या परीक्षेत पास झालं, असंच लिहा अहवालात.”

काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. स्तुती सुरू झाली की कुठे बघावं हे त्यांना कळत नसे. तीस वर्षं त्यांनी हे कोठार सांभाळलं होतं. हातात हिशेबाची वही नाहीतर वाचायचं पुस्तक कायम, म्हणून वहीकाका. बोलणं मात्र बेताचं.

“मोजणी कधी करता?” बाईंनी विचारलं.

“मोजणी शनिवारची असते.”

“आणि वरच्या फळ्या? शिडी लागत असेल.”

“वरचा माल फारसा हलत नाही,” काका म्हणाले.

“सगळे घरी गेले तरी हे वही घेऊन त्या पडद्यासमोर बसतात,” साहेब म्हणाले. “तिकडे काकू ताट वाढून बसलेल्या, पण एकेक ओळ बघितल्याशिवाय हे उठायचे नाहीत. मी म्हटलं, काका, यंत्राशी लग्न लावून देऊ का?”

बाई हसल्या. मग त्यांनी अहवालाचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. याच कोठारात चार वर्षांपूर्वी एक प्रणाली आणली होती आणि सहा आठवड्यांत टाकून दिली होती. तेव्हा पडद्यावरचे आकडे आणि वही यांत एकेचाळीस ठिकाणी फरक निघाला होता. कारण: नोंदी करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.

“हे लिहायलाच हवं का?” काकांनी विचारलं.

“हवंच ना. पहिली प्रणाली का फसली ते कळलं नाही, तर दुसरी का चालली ते कसं कळणार? हा अहवाल मालकांकडे जाईल, कायमचा राहील. त्या वेळी तुम्हालाही विचारलं होतं, नाही का?”

“विचारलं होतं. वही बरोबर आहे ना, म्हणून.”

“मग?”

“मी मान डोलावली.”

बाईंनी सहीचा कागद पुढे सरकवला. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला. “उद्या सकाळी देतो.”

“बघा,” साहेब बाईंना म्हणाले, “सही करायलासुद्धा हे रात्र मागतात.”

घरी आल्यावर काकांनी कपाटातलं एक जाड पुस्तक उघडलं. पत्र तिथेच होतं. ‘काका, एकेचाळीस चुका माझ्या नावावर लागल्या. जिथे काम मागायला जाते, तिथे आधी तेच निघतं. तुमच्यावर माझा राग नाही. पण वही एकदा पडताळून पाहाल का? चूक माझीच असेल तर तसंच कळवा. मग मी कुणाशी भांडणार नाही.’

“पुन्हा तेच पत्र?” बायको दारात उभी होती. “परवा बाजारात भेटली ती. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करते, तेही रोजंदारीवर. तुमची चौकशी करत होती. काका बरे आहेत ना, म्हणाली.”

“बाकी काही?”

“बाकी काय विचारणार? चार वर्षं वाट बघून माणूस तेवढंच विचारतो. भिंतभर पुस्तकं वाचलीत, चार ओळी लिहिता येईनात?”

“खरं लिहिलं की कुणीतरी आयुष्यातून उठतं.”

“आणि न लिहिल्यानं कुणी सुखानं बसतं का? चूक तिची असेल तर सांगून टाका तसं. तिनंच मागितलंय.”

जेवताना काकांनी दुसरी पोळी परत केली. बायकोनं ती डब्यात ठेवली.

सकाळी त्यांनी एकाच मजकुराच्या दोन प्रती लिहिल्या. कठडा धरूनच जिना उतरले. एक प्रत बाईंच्या हाती द्यायला खिशात ठेवली, कोऱ्या राहिलेल्या सहीच्या कागदाबरोबर. दुसरीचं पाकीट त्यांनी नाक्यावरच्या टपालपेटीत टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.

‘तुझ्या नोंदी बरोबर होत्या,’ त्यात लिहिलं होतं. ‘तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी शिडीवर माणूस चढवून सगळं मोजून घेतलं. एकेचाळीसही ठिकाणी तुझाच आकडा खरा निघाला. गुडघे गेल्यापासून मी वरच्या फळ्या न मोजताच लिहीत होतो. हे पत्र हवं त्याला दाखव. यंदा माझी वही एका नगानंही चुकली नाही म्हणतात. ती चुकणार कशी, रोज संध्याकाळी मी ती पडद्यावरूनच उतरवून घेत होतो.’