माणसाची भीती

“मैने, पिल्लाला हाताने भरवू नको. माणसाची भीती मोडली, की हे जनावर वाचत नाय,” म्हातारा धनगर दादू काम सोडून जाताना म्हणाला होता.

मैनाने ऐकलं नाही. पहिला घास मुक्या जिवाला दिल्याशिवाय ती जेवत नसे, आणि पळस्प्याजवळच्या दिनानाथशेठच्या वाडीत मुके जीव म्हणजे ही मेंढ्यांची पिल्लंच. शेठने उत्तरेकडून डोंगरातला रानमेंढा आणून गावठी मेंढ्यांवर सोडला होता. रानातलं मारलं तर तुरुंग, दावणीचं मारण्यात मजा नाही. म्हणून हे अर्धं-अर्धं. ही पिल्लं मोठी झाली, की मुंबईचे पाहुणे बंदुका घेऊन येणार होते.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांतला थोरला मेंढा दोन वर्षांचा झाला. शिंगांना वेढा आला. शिकारीसाठी मोकळा सोडला, तर तो चालत पाहुण्यांकडे गेला आणि बंदुकीची नळी चाटू लागला.

“शेठ, ही शिकार की घरचा जावई?” एक पाहुणा हसला.

शेठ हसला नाही. “मैनाबाई, आठ दिवसांत ह्याला पळायला शिकव. नाहीतर खाटीक येईल.”

“आन् पळून कुंपणाभायेर गेला तर?”

“तर सुटला. माझा शब्द. पण मग मी सांगेन ते काम तू करायचं.”

“करीन. देवाशपथ करीन.”

आठ दिवस ती भाकरी दाखवून त्याला बोलवायची आणि जवळ आला की तोंडावर काठी मारायची. तीन दिवस तो दर वेळी परत आला. चौथ्या दिवशी थबकला. सातव्या दिवशी तिला लांबून बघूनच पळाला. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढच्या रविवारी पाहुण्यांचे दोन बार चुकले. मेंढ्याने कुंपणावरून उडी घेतली आणि डोंगराच्या झाडीत दिसेनासा झाला. मैनाने हात जोडले.

पाहुणे खूश झाले. असं पळणारं जनावर त्यांनी बघितलंच नव्हतं. शेठ स्वतः चालत तिच्या झोपडीपर्यंत आला.

“गेला तो गेला. मी शब्द पाळला. कुंपण उद्या दोन हात उंच करतोय.” मग त्याने मागच्या मेंढ्यांच्या वाड्याकडे बोट दाखवलं. “तिथं अकरा आहेत. सगळी तुझ्याच हातची. त्यांनाही असंच शिकव.”

सकाळी मैनाने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि काठी घेऊन वाड्याकडे निघाली. फाटकाशी अकराही पिल्लं तिची वाट बघत उभी होती.